हळदीचा साबण लाल का होतो?

साबणाच्या तयार बेसमध्ये हळद घातली की सोनेरी वडी मिळेल अशी अपेक्षा असते; पातेल्यात मात्र केशरी-तांबडा रंग चढतो. मग हळद भेसळीची असल्याचा संशय येतो. पण खोट हळदीत नसते. आमटीच्या डागावर साबण घासला की डाग लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. हळदीत चुना कालवला तरी तेच होते. हळदीतले करक्युमिन आम्लात पिवळे राहते आणि अल्कलीत हायड्रोजन आयन सोडून लाल होते. खऱ्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो. घरच्या साबणात कोणता नैसर्गिक घटक तग धरेल आणि कोणता नाही, हे बरेचसे याच आकड्यावर ठरते.

ही अल्कली येते कुठून? तेलाच्या एका रेणूत तीन मेदाम्ले ग्लिसरीनला जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा ही जोडणी तोडतो; मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. मेदाची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८२३च्या आपल्या ग्रंथात उलगडून दाखवली. घरी तेलापासून साबण करायचा तर कॉस्टिक सोडा हाताळावा लागतो. तो त्वचा आणि डोळे जाळतो. शिवाय वड्या चार-सहा आठवडे मुरवत ठेवाव्या लागतात. तयार बेसमध्ये हे सगळे आधीच उरकलेले असते. म्हणून मोठ्यांनी लक्ष ठेवले तर मुलांसोबतही त्यापासून साबण करता येतो. मात्र त्यावर ‘केमिकल-फ्री’ लिहिणे खोटे आहे. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीशिवाय खरा साबण होतच नाही, आणि नीट केलेल्या साबणात तो सोडा मोकळा उरत नाही.

बेस पारदर्शक का, हा त्यातला सर्वांत सुंदर भाग. एरवी थंड होताना साबणाचे बारीक स्फटिक जमतात, त्यांच्यावर आदळून प्रकाश विखुरतो आणि वडी पांढरी दिसते. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा साखरेचे पाणी हे स्फटिक मोठे होऊ देत नाहीत, म्हणून प्रकाश आरपार जातो. बेस थेट आचेवर उकळला तर त्यातले पाणी उडते आणि तो गढूळ, चिवट होतो. म्हणून त्याचे तुकडे करून पातेले गरम पाण्यावर ठेवावे आणि सगळे वितळले की लगेच उतरवावे. अर्धा किलो बेसला पाच ते दहा ग्रॅम सुगंधी तेल पुरे. तेही पातेले उतरवल्यावर घालावे, नाहीतर वास घरभर होतो आणि साबणात उरत नाही. साच्यात ओतल्यावर वर आलेले बुडबुडे आयसोप्रॉपिल अल्कोहोलच्या फवाऱ्याने फुटतात, फक्त तेव्हा शेगडी बंद असावी.

आता घटक. गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग अल्कलीत हिरवटतो. बिटाचा गुलाबी रंग तपकिरी होतो. गुलाबाच्या पाकळ्या ओल्या बेसमध्ये काळपटतात. कडुनिंबाच्या पुडीचा हिरवा रंग उजेडात फिका पडतो. मंजिष्ठा मात्र अल्कलीत जांभळट होते आणि तो रंग मला फार आवडतो. गेरू, मुलतानी माती आणि कोळसा यांना पीएचचे भय नाही. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. त्याला अल्कली काय करणार? फक्त या पुडी जड असल्याने तळाशी बसतात. बेस थोडा निवून घट्ट होऊ लागला की ढवळून ओतावे, म्हणजे त्या सगळीकडे सारख्या राहतात.

लिंबाचा रस घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. रसातले आम्ल साबणाचे पुन्हा मेदाम्ल करते. वडी गढूळ होते, फेस कमी होतो. वास हवा असेल तर सालीचे तेल घ्यावे. ताज्या कोरफडीचा गर, दूध, काकडीचा रस यांची अडचण वेगळी: ओलसर, पोषक पदार्थावर बुरशी येऊ शकते. दूध हवेच असेल तर दुधाची पावडर, तीही चमचाभरच. बदामतेलही तितकेच, जास्त झाले की वडी मऊ पडते.

त्वचेचे काय? साबण अंगावर काही सेकंद राहतो आणि पाण्याबरोबर धुतला जातो. हळद किंवा मंजिष्ठा त्वचेत शिरून काम करील, ही आशा तेवढ्या वेळात फारशी फळत नाही. बेसनात कालवलेले उटणे अंगावर राहते. साबण तसा राहत नाही. वडीतल्या घटकांचे काम रंग, वास आणि थोडी खरखर एवढेच धरावे. खरखरीसाठी जाडसर दळलेले ओट्स बरे. अक्रोडाच्या कवचाचा भुगा चेहऱ्याला ओरखडे काढू शकतो.

ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते. त्यामुळे पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या वड्यांवर थेंब जमतात. साबण बिघडलेला नसतो. निवल्या निवल्या पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावा. विकायचा असेल, तर सौंदर्यप्रसाधन म्हणून उत्पादनाचा परवाना लागतो, मग कारखाना स्वयंपाकघराएवढा असला तरी. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावे लागते.