सातपुड्यातील भुईरिंगणी : उपयोग व धोके

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत डोंगरउतारांवर, पडीक रानात आणि वाटेच्या कडेला जमिनीसरपट पसरणारी एक काटेरी वनस्पती दिसते. ती भुईरिंगणी होय. वैद्यकग्रंथांतील कंटकारी ती हीच. वांगे, बटाटा व मिरची यांचेच हे कूळ. पानांच्या दोन्ही बाजूंस लांब, सरळ, पिवळे काटे असतात. फुले जांभळी, फळ सुपारीएवढे. कच्चे असता हिरवे, पांढऱ्या पट्ट्यांचे, पिकल्यावर पिवळे. हिची सोयरी डोरली मात्र उभी वाढते, तिचे काटे वाकडे व फळे घोसाने येतात. दशमुळांत दोहोंचाही समावेश असल्यामुळे व्यापारी त्यांची मुळे विकत घेतात.

खोकला व दमा यांवर भुईरिंगणीचा काढा देण्याची रीत जुनी आहे. दम्याच्या रोग्यांवर झालेल्या काही लहान चाचण्यांत तिच्या चूर्णाने श्वास सुधारल्याचे आढळले. मात्र साल्ब्युटामॉल या नेहमीच्या औषधाइतका गुण आला नाही. म्हणून दम्याची चालू औषधे बंद करून काढ्यावर विसंबू नये. दाढदुखीवर बियांची धुरी घेऊन 'किडा पाडतात', तो समज तर सर्वस्वी खोटा आहे. दातात किडा नसतोच. तोंडातील जंतूंच्या आम्लाने दात पोखरला जातो.

या फळांत सोलासोडीनयुक्त अल्कलॉइडे असतात. सोलासोडीनपासून स्टेरॉइड औषधे बनविता येतात, परंतु तीच अल्कलॉइडे अधिक प्रमाणात पोटात गेल्यास बाधतात. शिजविल्याने ती नीटशी नष्ट होत नाहीत. फळ लहान वांग्यासारखे दिसत असल्याने मुले ते तोंडात घालण्याचा संभव असतो. पोटदुखी, ओकाऱ्या, जुलाब, पुढे गुंगी अशी लक्षणे दिसल्यास मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व झाडाची फांदी फळांसह दवाखान्यात न्यावी. गर्भवतींना व लहान मुलांना घरगुती काढा मुळीच देऊ नये.

मुळासाठी उपटलेले झाड पुन्हा फुटत नाही. फळे पिकून बी पडण्यापूर्वी खणती करू नये आणि प्रत्येक ठिकाणी काही झाडे बियाण्यासाठी राखावी. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपजावर वनहक्कधारकांचा मालकी हक्क आहे. खणतीचा काळ व क्षेत्र ग्रामसभेत ठरवून घेणे सोयीचे. मुळे धुऊन वाळवावी आणि भुईरिंगणी व डोरली यांची पोती निरनिराळी ठेवावी.