दातांच्या दवाखान्यातील कर्मचाऱ्यांचे वाद
रायपूरच्या भनपुरीसारख्या कारखानदारीच्या भागात संध्याकाळी पाळी सुटली की दवाखान्यात गर्दी होते, आणि उपकरणे कोणी धुवायची, ऑटोक्लेव्ह कोणी लावायचा यावरून खटके उडतात. मुळाशी बहुधा स्वभाव नसतो, कामाची मोघम वाटणी असते. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्या नोंदणीची सोय केली. खुर्चीशेजारच्या सहायकाचा वेगळा वर्ग केला नाही. त्याच्या वाट्याला मग पडेल ते काम येते. कामवाटप लेखी हवे. भांडण रुग्णासमोर काढू नये. डॉक्टरांनी भांडणाऱ्या दोघांचे आधी वेगवेगळे ऐकावे (त्यातला एक जण डॉक्टरांच्या घरचाच, हिशेब पाहणारा असेल तर हे अवघडच). लैंगिक छळ मात्र डॉक्टरांनी मिटवण्याची बाब नव्हे: दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास 2013 च्या कायद्यानुसार तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते.