सागरतटीय उद्याने, नागरी
समुद्र किंवा खाडी यांच्या काठी वसलेल्या नगरांतील, लोकांना फिरण्याबसण्यासाठी राखलेल्या व त्याचबरोबर उधाण, वादळ आणि अतिवृष्टी यांचा मारा झेलून मागील वस्तीवरील त्यांचा भार हलका करतील अशा रीतीने आखलेल्या सार्वजनिक मोकळ्या जागा. सामान्य उद्यानात पाणी शिरणे हा अपघात समजला जातो. येथे ते गृहीतच धरलेले असते. जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सु. २० सेंमी. वाढली. अरबी समुद्रही पूर्वीइतका निर्धोक राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१–१९ या कालखंडात त्यातील चक्रीवादळांची संख्या १९८२–२००० च्या तुलनेने ५२ टक्क्यांनी अधिक होती. त्यामुळे हा विषय आता केवळ नगरशोभेचा राहिलेला नाही.

रत्नागिरी शहर या दृष्टीने फार बोधप्रद आहे. दक्षिणेस काजळी नदीच्या मुखाशी भाट्ये येथील लांब पुळण व सुरूबन, मुखाच्या उत्तरेस मांडवीची काळसर वाळूची पुळण व धक्का, पुढे रत्नदुर्गाचे भूशिर, मिरकरवाडा बंदर आणि त्यापलीकडे पांढरा समुद्र व मिऱ्या, असे अगदी भिन्न स्वभावाचे किनारे येथे काही किमी. अंतरात सापडतात. मिऱ्याचा किनारा दीर्घकाळ धुपत आला असून तेथील धूपप्रतिबंधक बंधारा पावसाळी उधाणांत वारंवार खचलेला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात भरकटलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज याच किनाऱ्यावर येऊन रुतले.

उभ्या बंधाऱ्यावर आदळलेली लाट आपली शक्ती पुरती न गमावता परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उपसून नेते. पाया उघडा पडला की दगड ढासळतात. शिवाय बंधारा जेथे संपतो तेथील किनारा अधिकच धुपतो. पुळणीची रीत निराळी आहे. पावसाळ्यातील उंच लाटा तिची वाळू ओढून उथळ समुद्रात तिचा दांडा घालतात, त्या दांड्यावर पुढच्या लाटा फुटतात, आणि आश्विनानंतर समुद्र निवळला की तीच वाळू हळूहळू परत येते. या देवघेवीसाठी पुळणीमागे वालुकागिरींची राखीव वाळू लागते. ती सपाट करून तेथे पदपथ व कठडा बांधला, म्हणजे उद्यान सुंदर दिसते. पण किनाऱ्याची गंगाजळीच संपलेली असते. घरे भरतीरेषेला भिडलेली असतील तेथे मात्र बंधाऱ्यावाचून गत्यंतर नसते, हेही मान्य केले पाहिजे.

लागवड करताना समुद्राकडील अंगाला मर्यादवेल व रावणाच्या मिशा या वाळू धरून ठेवणाऱ्या वनस्पती, त्यांमागे केवडा आणि त्यानंतर उंडी, करंज, भेंडी यांसारखे खारे वारे सोसणारे वृक्ष, असा क्रम ठेवणे हिताचे असते. सुरूविषयी मतभेद आहेत. मूळचा आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियातील हा वृक्ष निकस वाळूत झपाट्याने वाढतो व वारा अडवतो; २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील काही गावांना खारफुटीबरोबरच सुरूच्या पट्ट्यांनीही आधार दिल्याचे आढळले. परंतु त्याच्या पडलेल्या पात्यांच्या थराखाली दुसरे काही फारसे उगवत नाही, आणि भरतीरेषेपर्यंत सुरू लावला, तर समुद्री कासवांना अंडी घालण्यास जागा उरत नाही. निसर्ग वादळात रायगड जिल्ह्याच्या व उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळींबरोबर सुरूही मोठ्या प्रमाणावर उन्मळले. केवळ सुरूवर विसंबणे धोक्याचे ठरते, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही. खाडीकाठी चिखलट जमिनीत तिवर, कांदळ व चिपी हेच खरे उद्यानवृक्ष होत. तेथे माळ्याचे काम बहुतांशी भरतीच्या पाण्याला वाट मोकळी ठेवण्याचे असते. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.

उधाणाची चर्चा पुष्कळ होते, पण कोकणातील शहरात पाणी बहुधा मागूनही येते. रत्नागिरीत वर्षाकाठी पडणारा सु. ३,००० मिमी. पाऊस जवळजवळ सर्व चार महिन्यांतच पडतो. तो जांभ्याच्या सड्यांवरून वेगाने खाली उतरतो, आणि नेमकी त्या वेळी भरती असली, तर नाल्यांची मुखे तुंबतात. भरती दर सु. १२ तास २५ मिनिटांनी येत असल्याने हे पाणी काही तासच साठवावे लागते. त्यासाठी वस्ती व पुळण यांमध्ये उथळ खोलगट जागा ठेवून तीच कोरड्या दिवसांत क्रीडांगण म्हणून वापरता येते. बँकॉक येथील चुलालाँगकोर्न विद्यापीठाच्या शताब्दी उद्यानात (२०१७) संपूर्ण जमीनच उतरती करून हे तत्त्व साधले आहे. कोकणाला मात्र ते नवे नाही. भरतीच्या दाबाने मिटणारी व ओहोटीला उघडणारी दारे, म्हणजेच ‘उघाडी’, खारबंदिस्तीच्या बांधांत शेतकरी पूर्वापार बसवीत आले आहेत. नगररचनाकारांनी ती अद्याप फारशी उचललेली नाही, याचे नवल वाटते.

हिरवळ येथे टाळावी. तिला उन्हाळाभर गोडे पाणी लागते. ते किनाऱ्यालगतच्या विहिरींतून उपसल्यास गोड्या पाण्याचा पातळ थर संपून खारे पाणी वर येते, आणि त्याचा फटका शेजारच्या घरांच्या विहिरींना बसतो.

केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी प्रथम काढलेल्या व २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने जाहीर केलेल्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनांनुसार वालुकागिरी व खारफुटी अतिसंवेदनक्षम वर्गात मोडतात, १,००० चौ. मी.हून मोठ्या खारफुटीभोवती सामान्यतः ५० मी.चा पट्टा राखावा लागतो. पुळणीवर मच्छीमारांचाही हक्क असतो. राजिवडा, मिरकरवाडा यांसारख्या वस्त्यांतील लोकांना पुळण ही होड्या ओढून शाकारण्याची, जाळी दुरुस्त करण्याची व मासळी वाळवण्याची जागा म्हणून लागते. आराखड्यात ती ‘रिकामी जमीन’ म्हणून रंगविली गेल्यास उद्यानाचे कुंपण प्रथम त्यांच्याच वाटेत येते. म्हणून आखणीपूर्वी पुळणीची रुंदी उन्हाळ्यात न मोजता आषाढातील उधाणाच्या दिवशी मोजावी आणि त्या दिवशी होड्या कोठवर ओढलेल्या आहेत तेही नकाशावर नोंदवून घ्यावे.