जुन्या घरातील संलग्न न्हाणीघर : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात जागेच्या नियोजनाचा विचार

प्रस्तावना

ग्रामीण मराठीत शौचास जाण्याला ‘परसाकडे जाणे’ असे म्हणतात. परस म्हणजे घरामागील मोकळी जागा. या शब्दप्रयोगातच एक जुनी गृहरचना सामावलेली आहे. स्नानाची मोरी अंगणाच्या कडेला, पाणी तापविण्याचा बंब तिच्या शेजारी आणि शौचाची सोय शक्य तितकी दूर, अशी ती रचना होती. या अंतरामागे सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना होत्या, तसेच दुर्गंधी आणि ओल घरापासून दूर ठेवण्याचे व्यावहारिक शहाणपणही होते. आज त्याच घरांत शयनगृहाला लागून शौचकूप व न्हाणीघर बांधण्याची मागणी वाढली आहे. वृद्ध आई-वडिलांना रात्री अंगण ओलांडावे लागू नये, हे तिचे सर्वांत सबळ कारण होय. जे अंतर पूर्वी जागेने राखले जात होते, ते आता नळ, उतार, झडप आणि खिडकी यांच्या साहाय्याने राखावे लागते. लहान संलग्न न्हाणीघराच्या नियोजनाचा हाच खरा प्रश्न आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील घरे, पाणी आणि माती लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

भिंत : पहिली मर्यादा

या भागातील जुने घर माळवदाचे असते. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर मातीचा जड थर, असे त्याचे स्वरूप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सास्तूरसारख्या गावांत अशाच भिंती कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. त्यापूर्वी हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला पट्टाच रद्द करण्यात आला. जी माळवदाची घरे अद्याप उभी आहेत, त्यांत न्हाणीघर काढताना हा इतिहास विसरता येत नाही. मातीत रचलेल्या भिंतीत ओल शिरली की दगडांना धरून ठेवणारी मातीच सैल होते. म्हणून जुन्या भिंतीवर थेट टाइल्स बसवून तिच्यावर पाणी ओतणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. न्हाणीघराला स्वतःची विटांची पातळ भिंत द्यावी आणि जुन्या भिंतीत व तिच्यात हवा खेळेल इतकी फट ठेवावी. खिडकीसाठी वा नळासाठी भिंत फोडायचीच असेल तर कोपऱ्याजवळ फोडू नये, कारण दोन भिंतींची परस्परांतील गुंफण तेथेच असते. फरशीखाली खोल खोदल्यानेही पाया उघडा पडतो. यासाठी ज्याचे तोंड भिंतीतून आडवे बाहेर जाते, असा पी-ट्रॅपचा कमोड घ्यावा. एस-ट्रॅपच्या कमोडला जमीन खणावी लागते.

भूकंपानंतर पुनर्वसित गावांत जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. तेथील अडचण निराळी आहे. भिंती पक्क्या आहेत, परंतु जागा नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार एकत्रित शौचकूप-न्हाणीघरासाठी किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट जागा आणि १.२ मीटर रुंदी अपेक्षित आहे. २५० चौरस फुटांच्या घरात हा जवळजवळ आठवा हिस्सा होतो. तो झोपण्याच्या खोलीतून काढावा की मागील मोकळ्या जागेत वाढवावा, हा निर्णय गवंड्यावर सोपवण्याजोगा नाही. जागा असेल तर वाढविणेच श्रेयस्कर, कारण त्यामुळे निदान एक भिंत बाहेरच्या हवेला मिळते.

पाण्याचे पिंप आणि चार बाय आठची खोली

गृहसजावटीच्या पुस्तकांतील आराखडे चोवीस तास पाणी गृहीत धरतात. धाराशिव शहरात उजनीचे पाणी येऊनही नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, आणि गावोगावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे येथील न्हाणीघरात पिंप असतेच. आराखड्यात त्याला जागा दिलेली नसेल तर ते दाराआड येऊन बसते आणि मग दार पुरते उघडत नाही. दोनशे लिटरच्या पिंपाचा व्यास जवळजवळ दोन फूट असतो. म्हणजे ३० चौरस फुटांतील ४ चौरस फूट त्याचेच. हा आकडा नियोजनाच्या आरंभीच धरला पाहिजे.

उदाहरणादाखल ४ फूट रुंद व ८ फूट लांब खोली घेऊ. दार आखूड बाजूला, ३० इंचांचे, एका लांब भिंतीला चिकटून आणि बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत कोणी घसरून पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच देहाने अडते. वृद्धांच्या बाबतीत ही गोष्ट सौंदर्यदृष्टीपेक्षा कितीतरी महत्त्वाची. दाराशेजारी उरलेल्या १८ इंचांत लहान बेसिन बसते. त्यापुढे त्याच भिंतीला कमोड. त्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस १५-१५ इंच मोकळे हवेत, म्हणजे ३० इंच लांबी गेली. ही लांब भिंत बाहेरची असेल तर मैलानळ आखूड राहतो आणि तुंबण्याचा धोका कमी होतो. कमोड २४ इंचांहून अधिक पुढे येणारा नसावा, नाहीतर समोर गुडघ्यांना जागा उरत नाही. शेवटचे ४ बाय ४ फूट स्नानासाठी राहतात. तेथे एका कोपऱ्यात पिंप, दुसऱ्या बाजूस बादली व बसण्याचा पाट, आणि वर खिडकी. कमोडशेजारी भिंतीत पक्का आधारदांडा बसवावा. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही.

या क्रमात कोरडी जागा दाराशी आणि ओली जागा टोकाला येते. फरशीला टोकाकडे दर ८० ते १०० इंचांस १ इंच उतार द्यावा. स्नानाची जागा इंचभर खोल ठेवली की कमोडखालची शहाबादी फरशी कोरडी राहते. गुळगुळीत टाइल्सपेक्षा ही खडबडीत फरशीच येथे योग्य आहे. शॉवरचा आग्रह मात्र येथे अनाठायी वाटतो. एका बादलीच्या स्नानास वीस लिटर पाणी पुरते, तर शॉवर दोन-तीन मिनिटांतच तेवढे संपवितो. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा लिटरहून अधिक पाणी जाई. ३ व ६ लिटरची दुहेरी कळ असलेली टाकी पिंपावरचा भार बराच हलका करते.

सांडपाणी, उष्णता आणि हवा

स्नानाचे पाणी आणि मैलापाणी यांचे नळ आरंभापासून वेगळे ठेवावेत. नंतर ते वेगळे करणे म्हणजे पुन्हा सर्व फोडणे होय. स्नानाचे पाणी परसातील केळीला वा नारळाला देता येते. मैलापाणी सेप्टिक टाकीत जावे. परंतु येथील काळी माती पाणी शोषून घेण्यास मंद असते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत शोषखड्डा लवकर भरतो आणि नळांचे सांधे निखळतात. नळाभोवती मुरमाचा थर द्यावा आणि सांधे तपासता येतील अशी चेंबर ठेवावी. अंगणात आड वा बोअर असेल तर शोषखड्डा त्यापासून किमान १५ मीटर दूर हवा. संलग्न न्हाणीघराच्या सोयीपायी कुटुंबाचे पिण्याचे पाणी दूषित होणे, ही शक्यता नियोजनात सर्वांत सहज दुर्लक्षिली जाते.

खोलीत दुर्गंधी येते ती बहुधा नहाणी ट्रॅपमधील पाणी सुकल्यामुळे. त्या पाण्याची किमान ५० मिलिमीटर उंचीची पातळीच गटारातील वायू अडवून धरते. उन्हाळ्यात घर बंद ठेवून गावी जाणाऱ्यांनी परतल्यावर प्रथम त्यात तांब्याभर पाणी ओतावे.

बंबाची जागा आता गीझरने घेतली आहे. विजेच्या गीझरसाठी अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच आवश्यक असून कळ खोलीबाहेर असावी. गॅस गीझर संलग्न न्हाणीघराच्या आत कदापि बसवू नये. बंद जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि स्नान करणारी व्यक्ती सावध होण्यापूर्वीच शुद्ध हरपते. तो बसवायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याचा नळ आत आणावा. सौर बंब या उन्हाच्या प्रदेशास साजेसा आहे, पण बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्याच्या नळ्यांत साचतात. त्यामुळे दरवर्षी सफाईचा खर्च धरावा.

भिंत फोडण्यापूर्वी हा संपूर्ण आराखडा अंगणात चुन्याने पूर्ण मापात आखावा. कमोडच्या जागी स्टूल, पिंपाच्या जागी प्रत्यक्ष पिंप आणि दाराच्या जागी एखादी फळी ठेवावी. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला काठीसह त्यातून चालवून, बसवून, उठवून पाहावे, आणि त्या वेळी गवंडी व प्लंबर दोघेही उपस्थित असावेत.