अॅट्रॉसिटीच्या खटल्यांवर पीएच.डी. करायची असेल तर

आपल्या चळवळीतल्या अनेक तरुण-तरुणींना गुन्हेगारी न्यायव्यवस्थेवर पीएच.डी. करायची असते. पोलीस स्टेशनवर मोर्चे नेलेले असतात, पीडित कुटुंबासोबत कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात. ही शिदोरी मोठी आहे. पण प्रबंध म्हणजे निवेदन नव्हे, आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

'अॅट्रॉसिटी कायद्याची अंमलबजावणी : एक अभ्यास' असा विषय घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. यात प्रश्नच नाही. एका जिल्ह्यात पाच वर्षांत दाखल झालेल्या गुन्ह्यांचा तपास कोणत्या टप्प्यावर रेंगाळला, हा प्रश्न झाला. नियम ७ नुसार तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही आणि त्याला ६० दिवसांची मुदत आहे. आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा, असे २०१५ च्या दुरुस्तीने सांगितले. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कायद्यातली मुदत आणि फाईलवरची तारीख यांतले अंतर मोजता येते. जे मोजता येते त्यावर परीक्षक सहसा वाद घालत नाही. बाबासाहेबांनी कोलंबियाच्या प्रबंधात प्रांतिक वित्तव्यवस्था तपासली तीही मुख्यतः सरकारी कागदपत्रांतूनच.

आता आकडे. एनसीआरबीचा अहवाल सगळेच उद्धृत करतात, पण तो कसा तयार होतो हे फार थोडे वाचतात. त्यात फक्त नोंदवलेले गुन्हे असतात. एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. दोषसिद्धीचे प्रमाण काढतात ते त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवरून. पोलिसांनी 'तक्रार खोटी' म्हणून बंद केलेली प्रकरणे वेगळ्या तक्त्यात असतात. त्यामुळे 'इतके टक्के निर्दोष सुटले म्हणजे इतक्या तक्रारी खोट्या' हा टीव्हीवरचा युक्तिवाद टिकत नाही. पण त्याच आकड्यांवरून आपणही घाईने उलटा निष्कर्ष काढला, तर तोही टिकणार नाही.

म्हणून निकालपत्रे वाचावीत. ई-कोर्ट्सवर बरीच मिळतात. आरोपी का सुटला, फितूर साक्षीदारामुळे, जातीचा दाखला न जोडल्यामुळे, की जातीय हेतू सिद्ध न झाल्यामुळे, हे तिथेच कळते. खैरलांजीचे उदाहरण घ्या. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू मानला नाही. शिक्षा झाली आणि जात मात्र निकालातून गेली. नुसत्या टक्केवारीत हे कधीच दिसणार नाही.

मुलाखतींबद्दल मी थोडी कडक आहे. खटला चालू असताना पीडितेची मुलाखत घेऊ नये, असे माझे मत आहे. वकिलाला अशिलाच्या बोलण्याची गुप्तता कायद्याने मिळते, संशोधकाला तशी मिळत नाही. तुमच्या वहीतले एखादे वाक्य तिच्या जबाबाशी जुळले नाही, तर बचाव पक्ष त्याचा वापर करू शकतो. प्रबंध तुमचा होईल, किंमत ती मोजेल. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर ओळख उघड करणे हा स्वतःच गुन्हा आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना त्याहून दोन वर्षे जास्त. मार्गदर्शकाव्यतिरिक्त किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात. मौखिक परीक्षा खुली असते, इतर संशोधकांना बसता येते. नोंदणी झाल्याबरोबर दोन-तीन तरी ऐकून या, भीती अर्धी होते.

एका मैत्रिणीच्या अशा परीक्षेला मी मागच्या बाकावर होते. परीक्षकांनी विचारले, "तुम्ही कार्यकर्त्या आहात की संशोधक?" ती चिडली नाही. म्हणाली, "दोन्ही आहे, सर. म्हणूनच प्रकरणे मी निवडली नाहीत. त्या पाच वर्षांतले सगळे निकाल घेतले आणि माझ्या गृहीताविरुद्ध जाणारे निकाल चौथ्या प्रकरणात वेगळे मांडले." परीक्षकांनी चौथे प्रकरण उघडले आणि पुढचा अर्धा तास त्यावरच चर्चा झाली. या प्रश्नाची तयारी परीक्षेच्या आदल्या रात्री करता येत नाही. ती नमुना ठरवतानाच करावी लागते.

पदवी मिळाली की प्रबंध शोधगंगेवर चढतो, म्हणजे ज्या गावाबद्दल लिहिले तिथला कोणीही मोबाईलवर तो उघडू शकतो. गावाचे नाव बदलले, पण तालुका, वर्ष आणि घटना तशीच ठेवली, तर घर ओळखायला पाच मिनिटे पुरतात. अंतिम प्रत देण्याआधी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना आपापला भाग वाचून दाखवा आणि ते म्हणतील ते काढा.