जुनी मोटारसायकल घेताना

उसाच्या बिलाचा हप्ता हाती आला किंवा सोयाबीनची पट्टी झाली, की घरातल्या तरण्या पोरांचे मोटारसायकलीचे टुमणे सुरू होते. नवी परवडत नाही. मग कोणीतरी बातमी आणतो, "अमक्याची गाडी विकायची आहे, एका हातची आहे." शेतकरी बंधूंनो, बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, औताला जुंपून पाहतो. गाडी घेताना मात्र रंगावर भुलतो!

गाडी पाहायला सकाळीच जा आणि गेल्याबरोबर इंजिनला हात लावा. ते गरम लागले, तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. हरकत नाही. चहा घ्या, पीकपाण्याच्या गप्पा मारा, इंजिन निवू द्या आणि मग स्वतः चालू करा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघते, तिची चिंता नको. पण निळसर धूर सारखा येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळते आहे. त्या कामाचा खर्च आपल्या मिस्त्रीला विचारल्याशिवाय किमतीचे बोलू नका. किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पेडलचे आणि पायरीचे रबर किती झिजले आहे, ते पाहा.

आपल्याकडची गाडी नुसती माणसे वाहत नाही. दुधाचे कॅन, खताची पोती, वैरणीचे भारे, सगळे तिच्यावरच. म्हणून सीट उचलून कॅरिअर जिथे बसवतात तिथे चीर किंवा नवे वेल्डिंग आहे का ते बघा. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरमधून तेल गळते का, तेही बघा. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का ते पाहावे. वाकडी दिसली तर गाडी कुठेतरी जोरात आपटलेली असणार. मागच्या चक्राचे दात करवतीसारखे टोकदार झाले असतील, तर चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी लागतील. तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडे पुष्कळ गाड्या पाण्यात राहिल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून विकली जाते. सीटखालच्या कोपऱ्यातला गाळ, हेडलाइटच्या काचेआतली पाण्याची रेघ, वायरींच्या जोडांवरची हिरवी बुरशी या तिच्या खुणा. अशी गाडी फुकटसुद्धा महागच पडते, असे आमचे मत.

घरातल्या बायका मागे बसणार असतील, तर साडी-गार्डची जाळी जागेवर आहे ना ते बघा. पोरे शोभेसाठी ती काढून टाकतात. पदर चाकात गेला, की काय होते ते सांगायला नको.

आता कागद. फ्रेमवर ठोकलेला चॅसिस नंबर आणि इंजिनचा नंबर आर.सी. बुकाशी अंकन् अंक ताडून पाहा. नंबर घासलेला दिसला, तर राम राम करून परत या. बुकात बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म 35 मागा. नोंदणी 15 वर्षांची असते, तिची किती वर्षे उरली तेही मोजा.

स्टॅम्पवर लिहून घेतले म्हणजे व्यवहार झाला, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होऊन आर.टी.ओ.त नाव बदलले पाहिजे. घेणाऱ्याला त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. विम्यावरचे नाव बदलण्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. आणि हे विकणाऱ्यानेही ध्यानात घ्यावे. गाडी कितीही हात फिरली, तरी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. तुम्ही विकलेल्या गाडीने दोन वर्षांनी कोणाला उडवले आणि गाडीला विमा नसला, तर भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येईल. त्या पैशापायी जमीन विकायची वेळ येऊ शकते.

म्हणून आधी इसार द्या. बाकी रक्कम सह्या झालेले फॉर्म, मूळ आर.सी. बुक आणि दुसरी किल्ली हातात आल्यावरच मोजा.