एक गाडी, एक गाईड, एक शनिवार

शुक्रवार संध्याकाळ. कॉफी मशीनभोवती एकच प्रश्न, 'वीकेण्डला काय?' उत्तरं ठरलेली. लोणावळा (ट्रॅफिक!), मॉल (पुन्हा?), घरी झोप (बहुमताने मंजूर). या यादीत एक ऑप्शन माझ्याकडून. रात्रीत दुसऱ्या शहरात पोचायचं आणि शनिवारचा अख्खा दिवस फक्त आपल्या ग्रुपसाठी एक गाडी आणि एक गाईड बुक करायचा. सोबत पन्नास अनोळखी माणसांची बस नाही आणि 'बरोब्बर वीस मिनिटांत परत या' असं बजावणारा टूर मॅनेजरही नाही.

आम्ही चौघांनी वेरूळ निवडलं. 'ते तर शाळेच्या सहलीत बघून झालंय,' असं म्हणत असाल तर जरा आठवून बघा, नेमकं काय बघितलं होतं? दोन-दोनच्या रांगा, वॉटरबॅग, सरांची शिट्टी आणि सोंड तुटलेल्या हत्तीसमोर काढलेला ग्रुप फोटो. आमच्यापैकी तिघांना एवढंच आठवत होतं. चौथी नागपूरची. तिच्या शाळेची सहल वेरूळला आलीच नव्हती.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरमध्ये, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादमध्ये. आमचे गाईड पन्नाशीचे, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, पायात स्पोर्ट्स शूज. पहिल्या दहा मिनिटांतच ते 'सर'चे 'काका' झाले. त्यांनी आदल्या रात्री फोनवर दोनच प्रश्न विचारले होते. 'चालायची सवय आहे का? आणि इतिहास ऐकायचाय की गोष्टी? दोन्ही ऐकायचं असेल, तर कुठलं काय ते मी सांगत जाईन.'

पूर्ण दिवसात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच वाक्य.

उलटा कार्यक्रम

आमच्या डोक्यात होतं, आधी वेरूळ, मग वेळ उरला तर बाकीचं. काकांनी तो प्लॅन उलटा केला. शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर दौलताबाद. तो किल्ला चढायचा, म्हणून ऊन तापायच्या आत. मग त्याच रस्त्यावर पुढे खुलताबाद. तिथून खाली उतरलं की वेरूळ. 'लेण्यांची तोंडं पश्चिमेकडे आहेत,' काका म्हणाले. 'सकाळी गेलात तर दर्शनी भाग सावलीत. दुपारनंतर ऊन समोरून येतं.' ऑफिसात याला आपण प्लॅनिंग म्हणतो आणि त्यासाठी दोन मीटिंगा घेतो. इथे ते चहाच्या एका कपात उरकलं.

दौलताबाद म्हणजे यादवांचं देवगिरी. अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी १२९६ सालची, आणि महंमद तुघलकाने राजधानी इथे हलवली १३२७ मध्ये. शाळेत आपण शिकलो की तुघलक वेडा. काकांनी दरवाज्यांवरचे हत्तींसाठीचे लोखंडी खिळे दाखवले, चांदमिनार दाखवला, कातळ तासून केलेला खंदक दाखवला आणि मग विचारलं, 'तुमचं राज्य दिल्लीपासून दक्षिणेपर्यंत पसरलं असतं, तर तुम्ही हेडऑफिस कुठे काढलं असतं?' बँकवाल्या मित्राचं उत्तर तयार होतं, 'मध्यावर!' निर्णयामागे हिशेब होता, अंमलबजावणी फसली. काही वर्षांतच राजधानी दिल्लीला परत गेली.

'दिल्ली अशी रिकामी झाली की मांजरसुद्धा उरलं नाही, असं ऐकलं होतं,' नागपूरकर मैत्रीण म्हणाली. काका हसले. 'त्या हालांची गाजलेली वर्णनं इब्न बतूताची. तो दिल्लीत आला १३३४ मध्ये. म्हणजे ऐकीव. लोकांचे हाल झाले हे खरं. मांजराचं मात्र गोष्टीच्या खात्यात टाका.'

वर जाताना लागते ती अंधारी, कातळातून वळणं घेत जाणारी भुयारी वाट. वटवाघळांचा वास नाकात जातो. काकांनी टॉर्च बंद केला आणि एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही, असं सांगितलं. शत्रूचं सैन्य इथे कसं चाचपडत असेल, त्यावर वेगळं लेक्चर लागलंच नाही.

आवाज न चढवता

खुलताबादला दोन थांबे. पहिला मलिक अंबरचा. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हा माणूस. त्याने १६१० मध्ये खडकी हे गाव वसवलं आणि तिथे पाण्याचे नळ खेळवले. त्याच खडकीचं पुढे औरंगाबाद झालं. ज्या शहराच्या हॉटेलात सकाळी आम्ही शॉवर घेतला, त्या शहराचा मूळ पुरुष इथे झोपलाय आणि त्याच्या कबरीपाशी आम्हा पाच जणांखेरीज कुणीही नव्हतं.

दुसरा थांबा औरंगजेबाची कबर. उघड्यावरची, साधी. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या काळातली. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून ही कबर झाली, ही कथा आम्ही ऐकून होतो. 'गोष्ट,' काका म्हणाले, 'खूप जुनी, पण गोष्ट.' मार्च २०२५ मध्ये ही कबर हटवण्याच्या मागणीवरून राज्यात केवढं वातावरण तापलं होतं, आठवत असेलच. सगळ्या प्रकारचे पर्यटक घेऊन काका इथे उभे राहतात. म्हणून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. इथे आवाज चढवायचा नाही, तारखा सांगायच्या. १६८९ मध्ये या बादशहाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केली. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो स्वतः मेला आणि इथे पुरला गेला. शहराला आज नाव आहे ते संभाजी महाराजांचं. 'तारखा ओळीने लावल्या ना, की माणसं आपोआप गप्प होतात.'

आम्हीही झालो.

कळसाकडून पायाकडे

वेरूळला एकूण ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत. एका दुपारी सगळी बघायची म्हटली तर ती फक्त मोजून होतात. काकांनी तीनच निवडली. १०, ३२ आणि शेवटी १६. 'बाकीची पुढच्या वेळी,' एवढं म्हणून विषय संपवला.

दहाव्या लेण्याला स्थानिक लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात. छताकडे बघितलं की कारण कळतं. दगडात कोरलेल्या फासळ्या, हुबेहूब लाकडी वाश्यांसारख्या. दगडाला वाशांची गरजच नाही. लाकडी इमारतींची सवय हातात मुरलेली होती, म्हणून त्या कोरल्या. बत्तिसाव्यात, इंद्रसभेत, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. तिच्यासमोर आम्ही चक्क पंधरा मिनिटं बसलो. खाली, जमिनीवर. शाळेच्या सहलीत अंबिकेच्या वाट्याला किती सेकंद आले असतील?

मग कैलास. पण दारातून नाही! काका आम्हाला आधी बाजूच्या पायवाटेने टेकडीवर घेऊन गेले. वरून दिसतं ते दृश्य खालून दिसूच शकत नाही. मंडपाच्या छतावर उमललेलं कमळ, त्यावर चार सिंह आणि चहूबाजूंनी सरळ खाली तासलेला डोंगर. 'आपण आत्ता जिथे उभे आहोत ना, काम इथून सुरू झालं,' काका म्हणाले. आधी कळस, मग शिखर, मग खांब, मग पाया. चूक झाली तर दगड परत चिकटवायची सोय नाही. 'अन्डू' नाही, असं टेस्टिंगवाली मैत्रीण पुटपुटली.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. सगळं काम त्याच्याच काळात झालं नसावं, काही भाग नंतरच्या राजांनी जोडले असावेत, असं अभ्यासक मानतात. पण लोकांना गोष्ट हवी असते, आणि इथे ती आहेही. राणीने नवस केला, देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हबकले. पैठणचा कोकस नावाचा शिल्पी म्हणाला, आठवड्यात दाखवतो. त्याने वरून खोदायला घेतलं. राणी जेवली, देऊळ नंतर सावकाश पूर्ण झालं. 'गोष्ट,' काकांनी लगेच शिक्का मारला. 'पण बघा, काम वरून खाली झालं हे लोकांनी गोष्टीत जपून ठेवलं.'

आणि एलियन्स? काकांनी कपाळाला हात लावला. 'हल्ली लोक मोबाईल पुढे करून मलाच सांगतात, काका, हे माणसाचं काम नाही.' अशांना ते मागच्या कातळाच्या भिंतीजवळ नेतात. तिथे छिन्नीच्या उभ्या रेघा आजही स्पष्ट दिसतात. त्यानेही समाधान झालं नाही, तर अर्धवट राहिलेल्या तिसाव्या लेण्यात, छोट्या कैलासात. काम मध्येच थांबलं की ते कसं चाललं होतं ते कळतं. 'परग्रहावरचा माणूस अर्धं काम टाकून कशाला जाईल? ते आपलंच लक्षण!'

खाली उतरून दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प. पर्वत हललाय, शंकर निवांत. 'पार्वतीचा हात बघा,' काका म्हणाले. तिने घाबरून शंकराचा दंड धरलाय. आणि तिच्या मागे एक दासी चक्क पळत सुटलीय. हे शिल्प मी आधी फोटोत कितीदा तरी बघितलं होतं. पळणारी दासी मला त्या दिवशी दिसली.

डिट्टो ताज, बजेट कमी

संध्याकाळी शहरात परतून बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू १६५७ मध्ये गेली, तिची ही कबर. शिल्पकार अताउल्ला, म्हणजे ताजमहाल घडवणाऱ्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा. खर्चाचा जुना आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजचा साधारण ३ कोटी २० लाख सांगतात. बँकवाल्याने तिथल्या तिथे हिशेब केला, पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास! म्हणून संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला, मधल्या भागात दगडावर गिलावा. क्लाएंटला हवं डिट्टो तेच, पण बजेट नाही. आपल्याला हे दुःख नवीन नाही.

'मुलाने, आजमशहाने आईसाठी बांधला,' हे वाक्य तुम्हाला बऱ्याच पुस्तकांत मिळेल. काकांनी फक्त जन्मसाल सांगितलं, १६५३. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. पुढचं गणित आमचं आम्ही केलं. नंतर त्याने डागडुजी केली असावी, असं अभ्यासकांचं म्हणणं.

तो दीड तास कुणाचा?

मकबऱ्याच्या बागेत मी काकांना धंद्याबद्दल विचारलं. सीझन दिवाळीपासून मार्चपर्यंत. मे महिन्यात दगड तापतात, फोन वाजत नाही. १७ मार्च २०२० ला देशातली सगळी संरक्षित स्मारकं बंद झाली, त्यानंतरचे कितीतरी महिने त्यांनी एका मेडिकल दुकानाची औषधं घरोघर पोचवली. ओळखपत्र कपाटात होतं, पण रोज संध्याकाळी बायकोला एक लेणं समजावून सांगायचे. विसरू नये म्हणून.

आणि दुकानं? हिमरू शाली, पैठण्या, 'फक्त बघायला या'? काकांनी लपवलं नाही. 'दुकानात नेलं तर कमिशन मिळतं. काही दिवशी तर फीपेक्षा जास्त. पण त्यात दीड तास जातो ताई. तो दीड तास बत्तीस नंबरच्या लेण्याचा असतो.'

गेटवर लोक गाईडच्या फीमध्ये दोनशे रुपये कमी करून घेतात आणि सौदा जिंकल्यासारखे आत जातात. ते दोनशे काकांना कुठून तरी भरून काढायचेच असतात. मग दिवसातून अंबिका वजा होते, शाल जमा होते. शांतपणे 'ही गोष्ट' आणि 'हा इतिहास' असं वेगळं करून सांगायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण पूर्ण पैसे देऊनच विकत घेतो. आमचा गाडी-गाईडचा सगळा खर्च चौघांत वाटल्यावर माणशी जेवढा झाला, तेवढा मॉलमधल्या एका शनिवारी सिनेमा, पॉपकॉर्न आणि डिनरवर सहज उडतो.

बुक करण्याआधी

• ओळखपत्र मागा. अधिकृत गाईडकडे फोटोचं कार्ड असतं, त्यावरची मुदतही बघा. चांगल्या गाईडला याचा राग येत नाही.

• फी, भाषा आणि तास आधीच ठरवा. गाडीचं पार्किंग, टोल, ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे, तेही.

• 'शॉपिंग नको' हे बुकिंगच्या वेळीच सांगा. शॉपिंग हवी असेल तर तसं सांगा, पण सगळ्यात शेवटी.

• एका दिवसात अजिंठा कोंबू नका. ते शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर, वेगळ्या दिशेला आहे आणि त्याला स्वतःचा दिवस लागतो.

• बूट चालायचे, टॉर्च आपला, पाणी भरपूर. अंधारीत हाय हिल्स घालून कुणाचंही भलं झालेलं नाही.

• गाईडला एक प्रश्न बिनधास्त विचारा, 'हे कशावरून?' उत्तरावरून तुमचा पुढचा दिवस कसा जाणार ते कळतं.

आणि हो, वेरूळ मंगळवारी बंद असतं. बाकी कुठलाही वार घ्या.